दारात आलेला रोगी परत पाठवायचा का? (डेन्व्हरची ज्यू क्षयरोग सॅनिटोरियम)

डोंगरवाट

गेल्या शनिवारी पोरांना घेऊन कासा बोनिटाला गेलो होतो. डेन्व्हरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: वेस्ट कोलफॅक्स रस्त्यावरचं गुलाबी मनोऱ्याचं अवाढव्य मेक्सिकन हॉटेल, आत खोटा धबधबा आणि त्यावरून पाण्यात सूर मारणारी माणसं. पोरं खूष.

बाहेर पार्किंगमध्ये एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, आमच्या लहानपणी या दुकानांच्या रांगेला जेसीआरएस शॉपिंग सेंटर म्हणायचे. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाल्या, ज्यूइश कन्झम्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी. कन्झम्टिव्ह म्हणजे क्षयी. ही सगळी जागा टीबीच्या धर्मादाय सॅनिटोरियमची होती आणि मागे काही जुन्या इमारती अजून उभ्या आहेत.

घरी आल्यापासून त्याच नादात आहे. आठवडाभर वाचलं ते थोडक्यात सांगतो.

क्षयाला औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, ऊन आणि उंची हाच उपाय समजला जाई. डेन्व्हर बरोबर ५२८० फुटांवर. त्यामुळे देशभरातले खोकणारे लोक आगगाडीत बसून इथे येत. त्यात न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांमध्ये दिवसाला चौदा-चौदा तास शिवणकाम करणारे पूर्व युरोपातले गरीब ज्यू पुष्कळ. क्षयाला 'शिंप्यांचा रोग' म्हणत, यात सगळं आलं. कित्येक जण स्टेशनवर उतरले की खिशात काही नसायचं. भाड्याची खोली कोणी देत नसे. गावात त्यांना 'लंगर' म्हणत. लंग म्हणजे फुप्फुस, त्यावरून. (आपलं गुरुद्वारातलं लंगर नव्हे, तिथे निदान जेवायला मिळतं.)

फ्रान्सिस जेकब्स नावाच्या बाई या लोकांसाठी झटत होत्या. १८९२ मध्ये त्या गेल्या. त्यांनी ध्यास घेतलेल्या रुग्णालयाची इमारत १८९३ मध्ये बांधून तयार झाली, पण त्याच साली चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोचं दिवाळं निघालं आणि नवीकोरी इमारत सहा वर्षं कुलूप लावून पडून राहिली. शेवटी डिसेंबर १८९९ मध्ये नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल उघडलं. ६० खाटा. सगळं फुकट, कुठल्याही धर्माच्या माणसाला. ब्रीदवाक्याचा अर्थ असा: पैसे देऊ शकेल त्याला आत प्रवेश नाही, आणि आत आलेल्याला पैसे देता येणार नाहीत.

आता मेख. घ्यायचे ते फक्त सुरुवातीच्या अवस्थेतले, बरे होण्यासारखे रोगी, आणि तेही साधारण सहा महिन्यांसाठी. रोग पुढे गेलेल्याला नकार. म्हणून १९०४ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या लोकांनीच वर्गणी काढून दुसरी संस्था काढली, ती ही जेसीआरएस. सुरुवात माळावर तंबू ठोकून. दारात येईल तो आत, अगदी मरणाला टेकलेलासुद्धा.

दोन्ही संस्था एकाच कोलफॅक्स रस्त्यावर, एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

माझा प्रश्न: तुम्ही विश्वस्त असता आणि हातात साठच खाटा असत्या, तर बरा होईल त्याला दिली असती की दारात पडलेल्याला?

---

शेवग्याची_शेंग

आधी सांग, तिथले सोपापिया (तळलेल्या फुगीर पुऱ्या) कसे होते.

---

डोंगरवाट

@शेंग, गरम गरम, वर मध. तीन प्लेटी. आता उत्तर दे.

---

छातीठोक

पेशाने छातीचा डॉक्टर, म्हणून बोलतो.

प्रश्न भावनिक वाटला तरी हिशेब सरळ आहे. सहा महिन्यांचा मुक्काम धरला तर एका खाटेवर वर्षाला दोन रोगी, म्हणजे साठ खाटांवर एकशेवीस. त्याच खाटा शेवटच्या अवस्थेतल्या लोकांना दिल्या तर त्यातले बहुतेक तिथेच जातील, आणि ज्यांचा रोग आज हाताबाहेर गेलेला नाही त्यांचा वाट बघता बघता जाईल. नॅशनल ज्यूइशवाले दुष्ट नव्हते. आजही आयसीयूची शेवटची खाट द्यायची वेळ आली की आम्ही हेच करतो, फक्त मोठ्याने बोलत नाही.

आणि तेव्हाच्या 'बरं होण्या'बद्दल फार भाबडं राहू नये. रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, पण त्याला मारणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं डॉक्टरांच्या हातात विश्रांती, अन्न आणि आशा. पुढेपुढे फुप्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवायचे, म्हणजे त्याला आराम. त्यानेही भागलं नाही तर बरगड्या काढायचे. डोंगराच्या हवेत जादू नव्हती.

---

तिरकस

म्हणजे 'हवापालट' हा डॉक्टर आणि हॉटेलवाले यांचा संयुक्त उपक्रम होता तर. माझी आजी प्रत्येक दुखण्यावर पाचगणी सुचवायची. गुडघ्यावरसुद्धा.

---

अलिबागची

धागा दिसला आणि थांबले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं, आता मुक्काम ठाणे. डेन्व्हरशी माझा काडीचा संबंध नाही, पण @डोंगरवाट, तुमच्या गोष्टीत एक मोठी गोष्ट राहिली: जेवण.

नॅशनल ज्यूइश चालवणारे होते जर्मनीहून आधी आलेले, स्थिरावलेले, सुधारक मताचे ज्यू. त्यांच्या स्वयंपाकघरात सुरुवातीची बरीच वर्षं कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम, पाळत नव्हते. आणि येणारे रोगी कोण? रशिया-पोलंडच्या खेड्यांतले, यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारे, घरी मांस आणि दूध यांची भांडीसुद्धा वेगळी ठेवणारे. त्यांना सांगायचं, फुकट मिळतंय ना, मग खा. वरून क्षयाचा आहार म्हणजे दूध आणि मांस भरपूर! आमच्यात तेच एका ताटात चालत नाही. आम्ही कोकणात मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालून ही अडचण कधीच सोडवली, पण पोलंडमध्ये नारळ कुठला.

म्हणून जेसीआरएसचं स्वयंपाकघर पहिल्यापासून कोशर होतं. तिथे सणवार होत, आणि १९११ मध्ये आवारातच सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) बांधलं. मरायला टेकलेल्या माणसाला आपल्या भाषेत दोन शब्द बोलता यावेत आणि आपल्या पद्धतीचं जेवण मिळावं, ही काही चैन नव्हे.

@छातीठोक, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ज्यांना नकार मिळाला ते हवेत विरून गेले का? ते डेन्व्हरमध्येच होते. पूर्वेकडच्या काही धर्मादाय संस्था तर गरीब क्षयी माणसाच्या हातात एकेरी तिकीट देऊन मोकळ्या व्हायच्या. मग तो माणूस कुठल्या तरी खोलीत चार जणांमध्ये खोकत राहणार. तुमचे पुढचे एकशेवीस रोगी तयार तिथेच होणार ना?

---

छातीठोक

@अलिबागची, हा मुद्दा मान्य. पुढच्या अवस्थेतला रोगीच जास्त जंतू सोडतो. त्याला तंबूत नेऊन ठेवलं, तर तो वाचो न वाचो, शेजारचे वाचतात. सॅनिटोरियमचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित हाच होता.

पण नाकारणाऱ्याला माणुसकी नव्हती, असा सूर लावू नका एवढंच म्हणणं आहे.

---

अलिबागची

सूर माझा नाही, त्या वेळच्या लोकांचा आहे. दोन्ही संस्थांचं वर्षानुवर्षं जाहीर भांडण चालू होतं. मोठ्या बंगलेवाल्यांचं म्हणणं, एक संस्था आहे ना, मग दुसरी कशाला, आणि असे खंगलेले लोक बोलावून गावात ज्यूंचं नाव खराब करता. जेसीआरएसवाले म्हणायचे, तुम्ही दान देता पण मान देत नाही.

---

शेवग्याची_शेंग

एका गावात दोन ज्यू संस्था आणि एकमेकींशी वाकडं. आमच्या सोसायटीत दोन गणपती बसतात. मला हे लोक आता अगदी जवळचे वाटू लागले आहेत.

---

मिरजमळा

सुंदर धागा. थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

माझे आजोबा पन्नासच्या दशकात मिरजेजवळच्या वानलेसवाडी सॅनिटोरियममध्ये होते. ती संस्था मिशनची, तरी हकिगत तीच. आठ महिने राहिले. लांब व्हरांडा, ओळीने खाटा, दुपारी बोलायचं नाही, वाचायचंही नाही, नुसतं पडून राहायचं. आजोबा शाळामास्तर. ते म्हणायचे की खोकला परवडला, पण न बोलणं परवडलं नाही. दर आठवड्याला वजन व्हायचं, ते पोस्टकार्डावर आजीला कळवायचे. त्या कार्डांवर दुसरं काहीच नाही. '९४ पौंड. ठीक.' '९५॥ पौंड. ठीक.' आम्ही ती अजून ठेवली आहेत.

बरे होऊन घरी आले, त्यानंतर तीस वर्षं जगले. पण त्यांचा पाण्याचा तांब्या आजीने कधी बाकीच्या भांड्यांत मिसळला नाही. वेगळ्या फळीवर, पालथा. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की आता भीती नाही, तरीही. आजोबा कधी काही बोलले नाहीत. आजी गेल्यावर त्यांनी स्वतःच तो तांब्या उचलून मोरीतल्या भांड्यांत ठेवला, आणि आम्ही सगळे बघत राहिलो.

---

मृण्मयी_के

@मिरजमळा, काय लिहिलंय. तांब्या डोळ्यांसमोरून जात नाही.

---

जुनाट

डेन्व्हरच्या तंबूंविषयी थोडी भर. तंबू म्हणजे आपला जत्रेतला नव्हे. खाली लाकडी जमीन, लाकडी सांगाडा आणि बाजूंना कॅनव्हास, जेणेकरून हवा खेळती राहावी. बर्फ पडला तरी बाहेरच झोपायचं. सकाळी पांघरुणावर बर्फाचा थर असे. तोंड तेवढं उघडं. थुंकीसाठी प्रत्येकाजवळ डबी. दिवसातून कितीदा तरी ताप मोजायचा आणि तक्त्यावर मांडायचा. जेवणाच्या मध्ये दूध, जेवणाबरोबर दूध, आणि कच्ची अंडी. अंडी गिळायचा कंटाळा येऊन लोक रडायचे म्हणतात.

पुढे संस्थेची शंभरेक एकर जमीन झाली. स्वतःच्या गायी, कोंबड्या, छापखाना आणि स्वतःचं टपाल कार्यालयसुद्धा, नाव 'स्पिवाक'. पन्नास वर्षांत दहा हजारांच्या आसपास रोगी येऊन गेले.

---

तिरकस

कच्ची अंडी आणि दूध. व्यायामशाळेत सध्या पोरं पैसे मोजून हेच करतात.

---

जुनाट

हा स्पिवाक कोण, ते सांगितल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही.

डॉ. चार्ल्स स्पिवाक. रशियातून पळून १८८२ मध्ये अमेरिकेत आला. मिळेल ती मजुरी केली, मग फिलाडेल्फियात वैद्यकी शिकून १८९० मध्ये डॉक्टर झाला. बायकोच्या प्रकृतीसाठी डेन्व्हरला आला आणि तिथलाच झाला. संस्थेचा चिटणीस म्हणून १९०४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, सगळा गाडा त्याने ओढला. आपल्याकडे कशी एकेक संस्था एकेका माणसाच्या खांद्यावर उभी असते, तसं.

त्याचं मृत्युपत्र वाचण्यासारखं आहे. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, विच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांत ज्यू आणि बिगरज्यू सारख्या संख्येने असावेत, आणि नंतर हाडं जोडून सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठात शिकवण्यासाठी पाठवावा. मेल्यावरही समान वाटपाची अट घालणारा माणूस!

---

मृण्मयी_के

फिलाडेल्फिया म्हटल्यावर आनंदीबाई जोशी आठवल्याच. त्या तिथल्याच महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, हे महाशय चार वर्षांनी त्याच गावातून. आणि आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानेच गेल्या. वय २१. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती, म्हणजे शत्रूचं नाव माहीत होतं, हातात मात्र काही नव्हतं.

---

कवडसा

जेसीआरएसची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथले कवी. येहोआश या टोपणनावाने लिहिणारा यिद्दिश कवी क्षय झाला म्हणून डेन्व्हरला आला, दहाएक वर्षं राहिला आणि संस्था उभारण्यात होता. पुढे त्याने अख्खं हिब्रू बायबल यिद्दिशमध्ये आणलं. त्याने आणि डॉ. स्पिवाकने मिळून यिद्दिशमधल्या हिब्रू-अरामी शब्दांचा कोश केला, १९११ मध्ये. क्षयाचा डॉक्टर आणि क्षयाचा रोगी बसून शब्दांच्या व्युत्पत्तीवर वाद घालताहेत, हे चित्रच मला पुरेसं आहे. आपल्याकडे डॉक्टर दोन मिनिटांच्या वर बसू देत नाही.

पुढे १९३० च्या दशकात एच. लीव्हिक आला. झारच्या काळात सैबेरियात हद्दपारी भोगलेला, तिथून निसटलेला, न्यूयॉर्कमध्ये घरांच्या भिंतींना कागद चिकटवून पोट भरणारा मोठा नाटककार. सॅनिटोरियममध्ये पडून त्याने कविता लिहिल्या.

@डोंगरवाट, तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर धरा. बरा होईल की नाही एवढंच बघून खाट दिली असती, तर असे किती जण दारातून परत गेले असते.

---

छातीठोक

@कवडसा, हा युक्तिवाद मला पटत नाही. कविता न लिहिणारा शिंपी काय कमी लायक? खाट देताना 'हा पुढे मोठा होईल का' हे बघायचं नसतं.

---

कवडसा

मी लायकीबद्दल बोलत नव्हते. पण वाक्य तसं झालंय खरं. मागे घेते.

---

शेवग्याची_शेंग

या संस्थळावर कोणीतरी वाक्य मागे घेतलं. तारीख नोंदवून ठेवा रे.

---

पोस्टमन_काका

काफ्का पण टीबीनेच गेला ना? तो होता का असल्या धर्मादाय सॅनिटोरियममध्ये?

---

कवडसा

नाही. तो १९२४ मध्ये व्हिएन्नाजवळ किरलिंगला गेला, एका लहानशा खाजगी सॅनिटोरियममध्ये.

---

नारिंगी_पाणी

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. आयडीचा अर्थ ज्यांना कळला त्यांना कळला. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध घेणाऱ्याला सकाळी बाथरूममध्ये जो रंग दिसतो तो.

२०१९ मध्ये पुण्यात नोकरीला असताना टीबी निघाला. पंधरा दिवस गोळ्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले की आता तुझ्यापासून कोणाला लागण्याची भीती जवळपास नाही, कामावर जा. पण खोलीतल्या दोघी मैत्रिणींनी त्याआधीच माझी गादी गॅलरीत नेऊन ठेवली होती. 'तुला हवा लागेल' म्हणून. ऑफिसात कोणी काही बोललं नाही. फक्त माझ्या टेबलाशेजारची खुर्ची हळूहळू लांब जात गेली आणि एक दिवस दुसऱ्या रांगेत पोचली.

सरकारकडून पोषण आहाराचे महिना ५०० रुपये मिळायचे, २०१८ मध्ये ती योजना आली. २०२४ पासून १००० झालेत. माझे पहिले पाचशे आले तेव्हा गोळ्या संपत आल्या होत्या. त्याची मी अंडी आणली. कच्ची नाही, उकडून!

वर तंबूचं वाचलं तेव्हा खरं सांगू का, हेवा वाटला. शंभर जण एकाच रोगाचे, कोणी कोणापासून खुर्ची लांब ओढत नाही. सहा महिने मी एकटीच रोगी होते.

---

मिरजमळा

@नारिंगी_पाणी, लिहिलंत हे फार बरं केलंत. आजोबा सॅनिटोरियममधल्या मित्रांना शेवटपर्यंत पत्रं लिहायचे, ती का, ते आज नीट समजलं.

---

छातीठोक

@नारिंगी_पाणी, उत्तम केलंत. आता पूर्ण बऱ्या आहात ना? कोर्स पुरा केला असेल तर खुर्ची ओढणाऱ्यांनी तुमच्यापेक्षा स्वतःचं मधुमेहाचं बघावं.

तुमचं म्हणणं धरूनच एक सांगतो. सॅनिटोरियम बंद पडली त्यात भारताचा मोठा हात आहे. १९५६ पासून मद्रासमध्ये एक चाचणी झाली. गरीब वस्त्यांतले रोगी घेतले. अर्ध्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवून चांगलं खाऊपिऊ घालून औषध दिलं, अर्ध्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तेच औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला: गुण जवळजवळ सारखाच, आणि घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांना लागण जास्त झाली असंही नाही. त्यानंतर जगभरात खाटांचा हट्ट सुटला. वैद्यकशास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर. पण घरी पाठवलं की तो तांब्या आणि ती गॅलरी आलीच, ते चाचणीत मोजलं नव्हतं.

जाता जाता: नॅशनल ज्यूइश आजही आहे, छातीच्या रोगांसाठी नावाजलेलं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर तिथे पुष्कळ काम झालं. त्यांचा टीबीचा प्रशिक्षण कोर्स डॉक्टरांत प्रसिद्ध आहे. आणि जेसीआरएसने १९५४ मध्ये टीबी सोडून कॅन्सर हाती घेतला. लॉस एंजेलिसकडच्या ज्यू कामगारांनी १९१४ च्या सुमारास दुआर्टे गावी दोन तंबूंत असंच सॅनिटोरियम सुरू केलं होतं, ते आज सिटी ऑफ होप नावाचं मोठं कॅन्सर रुग्णालय आहे. रोग गेला, खाटा दुसऱ्या रोगाच्या कामी आल्या.

---

जुनाट

आणि स्ट्रेप्टोमायसिन शोधणारी प्रयोगशाळा सेल्मन वाक्समनची, तो युक्रेनमधून आलेला ज्यू. औषध प्रत्यक्ष वेगळं केलं त्याचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झने, नोबेल मात्र १९५२ मध्ये एकट्या गुरूला. श्रेयावरून त्याआधीच, १९५० मध्ये, खटलाही झाला होता. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

तिरकस

गाइडने विद्यार्थ्याचं श्रेय घेतलं? अशक्य. पीएचडीवाले या धाग्यावर लगेच येतील, दारं बंद करा.

---

पोस्टमन_काका

गोल्डा मेयर (पुढे इस्रायलची पंतप्रधान) डेन्व्हरला होती असं कुठेतरी वाचलं होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

डोंगरवाट

आहे की! तिची थोरली बहीण शेयना क्षयाच्या उपचारासाठी नॅशनल ज्यूइशला आली होती. १९१३ च्या सुमारास गोल्डा घरातून पळून बहिणीकडे आली, वय चौदा-पंधरा. घर वेस्ट कोलफॅक्सच्या परिसरातच. बहिणीकडे संध्याकाळी चहाला जमायचे ते बरेचसे क्षयावर उपचार घ्यायला आलेले तरुण: कोणी समाजवादी, कोणी अराजकवादी, कोणी झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंचा स्वतंत्र देश मागणारे. ही भांडी विसळत त्यांचे वाद ऐकायची. नवराही तिला तिथेच भेटला.

मुलांचंही बघा. आईबाप सॅनिटोरियममध्ये, मग पोरं कुठे राहणार? म्हणून फॅनी लॉर्बर यांनी १९०७ मध्ये अशा मुलांसाठी वसतिगृह काढलं. पुढे ते दम्याच्या मुलांचं झालं.

---

रानजाई

मुलांचा विषय निघाला म्हणून. वॉर्सॉजवळ मिएद्झेशिनला ज्यू कामगार चळवळीने १९२६ मध्ये मेडेम सॅनिटोरियम काढलं होतं, क्षयाचा धोका असलेल्या गरीब मुलांसाठी. शाळा, बाग, मधमाश्या, मुलांचं स्वतःचं पंचायत मंडळ. ऑगस्ट १९४२ मध्ये नात्झींनी मुलांना आणि त्यांच्याबरोबर राहिलेल्या शिक्षकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं.

---

मृण्मयी_के

...

---

पाटीपेन्सिल

आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये काढलं, पारशी डॉक्टर. कोणी ना कोणी आपापल्या समाजापासून सुरुवात करतंच, मग दार सगळ्यांना उघडतं. डेन्व्हरच्या दोन्ही संस्थांत बिगरज्यूही होते ना? माझा प्रश्न: आपल्या लोकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या संस्थेने आधी आपल्या लोकांना घेतलं तर चूक काय?

---

अलिबागची

@पाटीपेन्सिल, नॅशनल ज्यूइशमध्ये अगदी पहिली रोगी म्हणून दाखल झाली ती मिनेसोटाहून आलेली एक स्वीडिश बाई होती.

म्हणजे गंमत बघा: तिथे धर्माची अट नव्हती, पण रोगाच्या अवस्थेची होती. सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तरी कुठे ना कुठे रेघ ओढावी लागतेच, फक्त कुठे ओढली त्यावरून भांडण. जेसीआरएसलासुद्धा खाटा कमी पडायच्या. पण तिथे रेघ ओढणारे स्वतः कधी ना कधी रेघेच्या पलीकडे उभे राहिलेले होते. पहिल्या वर्गणीदारांत क्षयाचे रोगीच किती तरी. मोठ्या देणग्यांवर नाही, नाण्यानाण्याने पैसा जमला.

---

शेवग्याची_शेंग

हसत हसत आलो होतो, तेवढ्यासाठीच येतो. पण उत्तर देतो. मी विश्वस्त असतो तर डॉक्टरांच्या हिशेबाला मान डोलावली असती, ठरावावर सही केली असती, आणि दुसऱ्या दिवशी दारात कोणी खोकत उभा दिसला की गुपचूप मागच्या दाराने आत घेतला असता. म्हणून मला कोणी विश्वस्त करत नाही.

---

छातीठोक

@शेंग, प्रत्येक सरकारी वॉर्डात तुझ्यासारखी एक सिस्टर असते. त्यामुळेच वॉर्ड चालतो. खाटा तीस, रोगी बेचाळीस.

---

डोंगरवाट

कालच्या रविवारी गोल्डन हिल दफनभूमीत जाऊन आलो. डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. जेसीआरएसमध्ये गेलेल्यांपैकी ज्यांना नेणारं कोणी नव्हतं, त्यांना तिथे पुरायचे. टेकडीच्या चढावर, वाळकं गवत, वारा प्रचंड. दगड लहान लहान, हिब्रू अक्षरं बरीच झिजलेली. मोठ्या मुलाने सालांच्या वजाबाक्या केल्या. चोवीस. एकतीस. एकोणीस. मग म्हणाला, बास, आता नको.

तिथे उभं राहून ठरवता येईल असं वाटलं होतं, ठरलं नाही. @छातीठोक यांचा हिशेब मला अजून खोडता येत नाही. पण हे सगळे दगड त्या हिशेबात न बसणाऱ्यांचे आहेत, आणि यांना निदान दगड तरी आहेत.

@अलिबागची, तुम्ही खाजगी निरोपात सांगितलंत तसे ज्यू रीतीप्रमाणे फुलं न ठेवता खडे ठेवले. मोठ्याने दोन, मी दोन. धाकट्याने आपला खडा ठेवला म्हणून सांगितलं, तो आज वॉशिंग मशीनमध्ये सापडला.

---

अलिबागची

परत जाऊन ठेवायला सांगा. आणि येताना सोपापिया.